दहावं आसन

या पुस्तकात पुढे बरेच आकडे येतील. त्यांतला एकच लक्षात राहणार असेल, तर तो दहा असू द्या. आपल्या १९३७ च्या विमान नियमांत ‘३८ब’ नावाचा एक छोटा नियम आहे. प्रवासी वाहतुकीच्या विमानात दहा ते पन्नास आसनं असतील तर किमान एक केबिन क्रू हवा, असं तो सांगतो. पन्नासच्या वर दोन, आणि नव्याण्णवच्या पुढे प्रत्येक पन्नास आसनांमागे आणखी एक. नऊ आसनांच्या विमानाबद्दल मात्र तो गप्प आहे. खासगी जेटवर नोकरी करू पाहणाऱ्या मुलीचं निम्मं भवितव्य त्या गप्प बसण्यात आहे, आणि भरमसाट फी घेऊन शिकवणारे नेमकं तेवढंच तिला सांगत नाहीत.

आपल्याकडची पुष्कळशी चार्टर विमानं दहा आसनांच्या आतली आहेत. किंग एअर, छोटी सायटेशन, फिनॉम, लिअरजेट. यांत बहुतेक वेळा दोन वैमानिक असतात आणि बाकी कोणी नाही. सहवैमानिकच दार लावतो, पट्टा कसा बांधायचा ते सांगतो, पाण्याच्या बाटल्या आणि खाण्याचे डबे कुठे ठेवलेत ते दाखवतो आणि पुढे जाऊन बसतो. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत भर पावसात एक लिअरजेट ४५ उतरताना धावपट्टीवरून घसरलं आणि मोडलं. त्यात सहा प्रवासी होते आणि दोन वैमानिक. आठही जण वाचले. केबिन क्रू त्यात नव्हतीच. त्या विमानाच्या केबिनची उंची दीड मीटरच्या आसपास असते. पाच फुटांची मुलगीसुद्धा तिथे ताठ उभी राहणार नाही.

नोकरी असते ती त्याच्या वरच्या विमानांत. चॅलेंजर, लेगसी, फाल्कन, गल्फस्ट्रीम, ग्लोबल. तिथे उभं राहता येतं, पुढच्या बाजूला छोटी गॅली असते आणि दार लावणारी, चहा देणारी, प्रसंग आला तर दार उघडणारी एक व्यक्ती असते. म्हणून उद्या कोणी तुम्हाला ‘प्रायव्हेट जेटवर लावून देतो’ म्हणालं, तर पगाराच्या आधी विचारा: विमान कुठलं, आणि आसनं किती?

त्या नियमात दहाला लागूनच दुसरा आकडा आहे, एक. मला जे सांगायचं आहे ते सगळं या ‘एक’मध्ये आहे. एअरलाइनच्या विमानात चार-पाच जणी असतात. एकीला गरगरलं तर दुसरी ट्रॉली पुढे नेते, एकीच्या नजरेतून सुटलेली बॅग दुसरीला दिसते, आणि वाद वाढायला लागला की सिनियर येऊन उभी राहते. खासगी जेटवर तुमच्यामागे कोणी नसतं. पडद्याच्या एका बाजूला दोन वैमानिक आणि दुसऱ्या बाजूला पाहुणे. मधल्या दोन-तीन पावलांच्या जागेत स्वयंपाकीण, वाढपी, सफाईवाली, परिचारिका आणि सुरक्षा अधिकारी, सगळ्या तुम्हीच. या एकटेपणाची तयारी कशी करायची, याचंच हे पुस्तक आहे.

ते मी जबलपूरमध्ये बसून, जबलपूरच्या मुलामुलींसाठी लिहिलं आहे. आमचं घराणं नागपूरकडचं. भोसल्यांच्या काळापासून नागपूरहून इकडे माणसं येत राहिली, पुढे रेल्वे आली, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, आणि आजोबांच्या पिढीतल्या अनेकांचं आयुष्य त्या फॅक्टरीच्या भोंग्यावर गेलं. आमच्या घरांमध्ये नोकरी म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेला पगार आणि निवृत्तीचं वेतन. आज गोलबाजारातल्या दत्तमंदिरात एखादी काकू मला बाजूला घेऊन ‘आमच्या मुलीला विमानात जायचंय म्हणते’ असं हळू आवाजात सांगते, तेव्हा तिची भीती मला समजते. मी या कामाला निघाले तेव्हा आईनेही मला असंच हळू आवाजात विचारलं होतं.

जबलपूरचा डुमना विमानतळ आमच्यासाठी अनेक वर्षं सहलीच्या वाटेवरची जागा होती. आजूबाजूला जंगल, बाजूच्या राखीव वनात चितळ. ४ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईहून आलेलं विमान उतरताना धावपट्टीवर रानडुकरं आली आणि विमान त्यांना धडकून बाजूला गेलं. प्रवासी सुखरूप बाहेर पडले. ते आपोआप घडलं नव्हतं. अंधारात, कललेल्या विमानात, त्यांना कोणीतरी शांत आवाजात बाहेर काढलं होतं. मार्च २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, धावपट्टीही लांब झाली. आता तिथे एअरलाइनच्या विमानाशेजारी कधी कधी एखादं छोटं पांढरं जेट उभं दिसतं. हायकोर्टातल्या मोठ्या खटल्यासाठी दिल्लीहून वकील येतात, निवडणुकीच्या दिवसांत नेते येतात, कान्ह्याला निघालेले पाहुणे येतात. आमच्या मुली ते जेट बघतात, त्याच्या शिडीवर उभी असलेली मुलगी बघतात.

ती मुलगी मात्र जबलपूरला राहत नाही. हे काम मुख्यतः मुंबई आणि दिल्लीतून चालतं. मुंबईत कालिन्याच्या बाजूला जनरल एव्हिएशनचं टर्मिनल आहे, दिल्लीला २०२० मध्ये खास या विमानांसाठी वेगळं टर्मिनल उभं राहिलं. हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबाद यांचा नंबर त्यानंतर. इथून जाणाऱ्या मुलीला पहिली दोन-तीन वर्षं भाड्याच्या खोलीत, मध्यरात्रीच्या टॅक्सीत आणि अर्धवट झोपेत काढावी लागतात. घरच्यांनी हे आधीच मान्य केलेलं बरं.

कामाचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. फोन येतो: उद्या सकाळी सात, मुंबईहून जबलपूर, सहा जण, संध्याकाळी परत. एवढ्या चार शब्दांवर तुम्हाला सगळं उभं करायचं असतं. कोण आहेत? कांदा-लसूण चालतो का? कोणाला मधुमेह आहे? कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी? वयस्कर कोणी असेल तर शिडी चढताना हात द्यावा लागेल का? एअरलाइनमध्ये जेवण फ्लाइट किचनमधून सीलबंद येतं आणि तुम्ही फक्त गरम करता. इथे हॉटेलला फोन तुम्हीच करायचा, डबे तुम्हीच उघडून बघायचे, फुलं, वर्तमानपत्रं, बर्फ, लिंबं, टिश्यू, सगळ्याचा हिशोब तुमचा. विमानात शिरल्यावर आधी आपत्कालीन साहित्य तपासायचं, मग ओव्हन, मग कॉफी मशीन, मग टॉयलेट. हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे. घाईत तो नेमका उलटा होतो.

चवीचं एक शास्त्र इथे कळतं. केबिनमध्ये हवेचा दाब सहा-आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो आणि हवा आमच्या मे महिन्यापेक्षाही कोरडी. नाक सुकतं, आणि मीठ व गोड दोन्ही मंद लागतात. जमिनीवर नेमकं जमलेलं वरण वर गेल्यावर अळणी वाटतं. टोमॅटो, चिंच, भाजलेला मसाला यांची चव मात्र टिकून राहते. म्हणून आमटी नेताना तिला जरा आंबटपणा हवा. आपल्या घरी पाहुण्याला वाढताना ‘मीठ कमी वाटलं तर घ्या’ म्हणण्याची रीत आहे. वरती तो मिठाचा छोटा सट ताटाजवळ ठेवायला विसरू नका.

एकदा परतीच्या प्रवासात पाहुण्यांनी कमानिया गेटजवळून खव्याची जिलेबी आणवली. काळीसर, जाड, पाकात बुडालेली ती जिलेबी. जबलपूरची म्हणून मला अभिमान वाटला आणि दुसऱ्याच क्षणी आसनांकडे लक्ष गेलं. पांढरं चामडं, त्यावर पाक. हवेचा एक धक्का पुरेसा होता. मी जिलेबीचे तुकडे केले, खोलगट वाट्यांत घातले, घसरू नये म्हणून वाटीखाली ओला रुमाल ठेवला, आणि प्रत्येकाच्या पट्ट्यावर एकदा नजर टाकली. सगळे खूश झाले. या कामातलं कसब असं असतं: पाहुण्याला ते दिसत नाही, त्याला फक्त जिलेबी मिळते.

खूप वेळ वाट बघण्यातही जातो. पाहुणे कोर्टात किंवा सभेत, तुम्ही आणि वैमानिक विमानतळावर. चार वाजता निघायचं ते आठ होतात. जेवण पुन्हा मागवावं लागतं, बर्फ वितळतो. कधी विमान रिकामंच परत न्यायचं असतं, तेव्हा चादरी बदला, काचा पुसा, डब्यांची यादी करा. आणि जे कानावर पडलं ते तिथेच सोडा. कोण कुणाबरोबर आलं, कोणाला फोनवर काय सांगितलं, हे आईलाही सांगायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. या धंद्यात नोकरी जाण्याचं हे मोठं कारण आहे, आणि ती गेल्यावर दुसरी मिळणं कठीण, कारण सगळे एकमेकांना ओळखतात.

आता सुरक्षेबद्दल. ‘हवाई सुंदरी’ हा शब्द मला कधीच मानवला नाही. या कामाची सुरुवात सौंदर्यातून झालेलीच नाही. १५ मे १९३० ला एलन चर्च ही आयोवाची नर्स ओकलंडहून शिकागोला निघालेल्या विमानात जगातली पहिली स्ट्युअर्डेस म्हणून चढली. तिला खरं तर वैमानिक व्हायचं होतं. ते काम तिला कोणी देईना, तेव्हा तिने सुचवलं की विमानात नर्सेस ठेवा, लोकांची भीती कमी होईल. सुरुवातीच्या त्या सगळ्या मुली नर्स होत्या. मेडिकल कॉलेजमधून नर्सिंग केलेली जबलपूरची एखादी मुलगी हे वाचत असेल, तर तिने ही हकीकत जपून ठेवावी. मध्यप्रदेश सरकारची एअर अ‍ॅम्ब्युलन्स २०२४ पासून सुरू आहे. आकाशातली काळजी घेणारी नोकरी आलिशान जेटवरच असते असं नाही.

आणि नीरजा भनोत. ५ सप्टेंबर १९८६, पॅन अ‍ॅमचं मुंबईहून निघालेलं विमान, कराचीचा थांबा, चार बंदूकधारी. नीरजाने दिलेल्या इशाऱ्यामुळे वैमानिक कॉकपिटच्या वरच्या झडपेतून निसटले, म्हणजे विमान उडू शकणार नव्हतं. नियमाप्रमाणे तेच योग्य होतं. पण त्या क्षणापासून विमानातली सर्वांत वरिष्ठ व्यक्ती बावीस वर्षांची नीरजा होती. सतरा तासांच्या आसपास तिने ते विमान सांभाळलं आणि शेवटी आपत्कालीन दार उघडून लोकांना बाहेर काढताना ती गेली. दोन दिवसांनी तिचा तेविसावा वाढदिवस होता. तिला अशोक चक्र मिळालं. लहान जेटवर काम करणाऱ्या प्रत्येक मुलीने तिचा विचार करावा असं मला वाटतं, कारण आपण तर पहिल्या दिवसापासूनच केबिनमध्ये सर्वांत वरिष्ठ असतो, दुसरं कोणी नसतंच.

प्रशिक्षणात जे शिकवतात ते पाठ असून भागत नाही, हाताला वळण लागावं लागतं. ही जेट चाळीस हजार फुटांच्याही वर जातात. तिथे केबिनचा दाब एकदम गेला तर माणूस भानावर राहतो तो पंधरा-वीस सेकंद. एवढ्यात तुम्ही हातातला ट्रे सोडून आधी स्वतःचा मास्क लावायचा. आपल्या संस्कारात पाहुणा आधी, आपण नंतर. इथे तो संस्कार मोडायला शिकावं लागतं, आणि मला ते शिकायला वेळ लागला. कोणाच्या फोनची बॅटरी पेटली तर आधी ज्वाळा विझवायच्या, मग पाणी ओतत राहून तिला गार करायचं. बर्फ लावायचा नाही, हातात उचलायची नाही. हवेचे धक्के सुरू झाले की गरम चहा कितीही मोठ्या माणसाने मागितला तरी द्यायचा नाही. ‘दोन मिनिटांत देते, साहेब’ असं म्हणून स्वतःच्या आसनावर बसून पट्टा बांधायचा. हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघा. म्हणायला सोपं नाही.

आता वाट. बारावी आणि वयाची अठरा वर्षं ही किमान अट, वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट, पोलीस पडताळणी. पोहता येत असेल तर उत्तम. आमच्याकडे ग्वारीघाटावर वाढलेल्या मुली नर्मदेला घाबरत नाहीत, त्यांना हा भाग सोपा जातो. सरळ खासगी जेटवर जाण्यापेक्षा आधी एअरलाइनमध्ये दोन-तीन वर्षं काढा, असंच मी प्रत्येकीला सांगते. तिथे दिवसाला चार-चार उड्डाणं होतात. दार लावणं, घोषणा, चिडलेला प्रवासी, रडणारं मूल, उलटी, चक्कर, हे सगळं इतक्या वेळा घडतं की ते अंगात मुरतं. एकटीने उभं राहण्यासाठी आधी चौघींमध्ये उभं राहून शिकायचं.

शहरातल्या ‘एअर होस्टेस’ शिकवणाऱ्या संस्थांबद्दल स्पष्ट लिहिते. आपल्याकडे वैमानिकाला असतो तसा केबिन क्रूला स्वतःच्या नावाचा परवाना नसतो. सुरक्षेचं खरं प्रशिक्षण नोकरी देणारी कंपनी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, नेमणुकीनंतर देते. त्या विशिष्ट विमानासाठी देते, आणि ते ठरावीक काळाने पुन्हा करावं लागतं. म्हणून संस्थेच्या डिप्लोम्याने विमानात चढता येत नाही. इंग्रजी सुधारणं, बोलण्या-चालण्याचं वळण, मुलाखतीची तयारी, एवढं शिकायचं असेल तर अवश्य जा, पण त्यासाठी वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड मोडू नका. अशी मोडलेली घरं मी जबलपूरमध्ये पाहिली आहेत.

मी स्वतःही फसले आहे. पहिल्या चार्टर कंपनीत नेमणुकीचं पत्र हातात न घेताच कामाला लागले. तीन महिने उडले, पगार एकाच महिन्याचा मिळाला, आणि दाद मागायला कागद नव्हता. तेव्हापासून मला भेटणाऱ्या प्रत्येकीला मी चार गोष्टी कागदावर मागायला सांगते: पगार किती आणि कोणत्या तारखेला, ड्यूटीचे तास आणि विश्रांती, बाहेरगावी मुक्कामाला स्वतंत्र खोली, आणि विमा. स्वतंत्र खोलीचा आग्रह कुणी ‘नखरे’ म्हणून हसण्यावारी नेला, तर ती नोकरी सोडा. मद्याच्या बाबतीत नियम कडक आहेत. उड्डाणाआधी ब्रीथ अ‍ॅनालायझर असतो, बारा तास आधीपासून काही चालत नाही, अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा नाही. पाहुण्याने आग्रह केला तर हाच नियम पुढे करा. आणि केबिनमध्ये कोणी मर्यादा सोडली तर ते कॅप्टनला सांगणं तुमचं कर्तव्य आहे. विमानात अंतिम शब्द मालकाचा नसतो, कॅप्टनचा असतो. हे वाक्य मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर काही रात्री मी शांत झोपले असते.

‘लग्नाचं काय?’ हा काकूंचा प्रश्न खोटा नाही, त्याला इतिहास आहे. एअर इंडियाच्या नियमांप्रमाणे एकेकाळी एअर होस्टेसला पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणी घरी जावं लागे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८१ च्या निकालात गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरली. चार वर्षांची लग्नाची अट त्या वेळी तशीच राहिली, ती जायला आणखी वेळ लागला. आज लग्न झालेल्या, मुलं असलेल्या मुली हे काम करतात. सोपं नाही, सासूची साथ लागते, पण करतात. आणि मुलगेही करतात. या पुस्तकात मी जागोजागी ‘मुलगी’ लिहिलं असलं तरी ते आमच्या मुलांनाही लागू आहे.

एक गोष्ट मला मनापासून आनंद देते. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये जाहीर झालं की फाल्कन २००० हे बिझनेस जेट आता नागपूरला, मिहानमध्ये जोडलं जाणार, आणि तिथून पहिलं विमान २०२८ पर्यंत बाहेर पडणार. त्याचे काही भाग तिथे आधीपासूनच बनत होते. नागपूर आमच्यापासून रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या आजोबांनी तिकडून येऊन इथे तोफांचे गाडे बनवले. फाल्कन २००० च्या केबिनची उंची एक मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर, मध्ये आठ-दहा माणसं बसतात, पुढे गॅली. त्यात उभं राहायला जागा आहे. नागपूरला बनलेल्या विमानात जबलपूरची मुलगी उभी असावी, हा माझा हट्ट म्हणा.

पुस्तक कसं वाचायचं ते शेवटी सांगते. ग्रूमिंगचं प्रकरण मागे टाकलं आहे, कारण मुली ते आधी उघडतात. खाद्यपदार्थांच्या याद्यांमध्ये पुरणपोळी आहे, पोहे आहेत, थालीपीठ आहे, आणि ते वरती कसं गरम करायचं तेही आहे. मुलाखतीतल्या प्रश्नांची उत्तरं दिलेली नाहीत, फक्त प्रश्न दिले आहेत. उत्तरं तुमची तुम्ही लिहा आणि मोठ्याने वाचा. आई-बाबांसाठी एक वेगळं प्रकरण आहे, ते त्यांच्या हातात द्या.

पहिलं प्रकरण दाराबद्दल आहे: ते कसं लागतं, कसं तपासायचं, अंधारात हात कुठे जायला हवा. चहा चौथ्या प्रकरणात येतो.